आगळ

मिरजेहून यायचा प्लास्टिकचा पुतळा
आंबोली घाटात अडकला,
म्हणून स्ट्रेचरवर सगुण झोपला,
आमचा वॉर्डबॉय, जुनी लुंगी नेसून,
आणि रक्त म्हणून कुणीतरी त्याच्यावर ओतलं
माझ्याच घरून आणलेलं कोकमाचं आगळ.

शेजवलकर मॅडमनी घड्याळ दाबलं.
माडावरून पडलाय, वय चाळीस, नाडी एकशे तीस.
आम्ही सात जण धावलो,
चौदा हात एकाच कात्रीवर,
आणि ऑक्सिजन लावायचा राहिला तो राहिलाच.
पहिला बोलला तो पेशंट:
"मॅडम, मुयो चावतत माका."

हसलो. मग मॅडमनी विचारलं,
ऑक्सिजन नाही हे कुणाला दिसलं होतं?
चार हात वर झाले. त्यात माझा.
आणि बोललं कोण?
पंखा ऐकू येऊ लागला.

बावीस वर्षांच्या नोकरीत
"सर" या शब्दापाशी किती वाक्यं सोडून दिली
त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
"सर," म्हणायचं आणि ट्रे पुढे करायचा.
शिरोड्याचा तो मुलगा, मोटरसायकलवाला,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर दिवा अजून जळत होता तेव्हा आणलेला.
त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती,
दोरीएवढी.
मी म्हटलं, "सर."
सर म्हणाले, "एक मिनिट."
मी एक मिनिट दिलं.

मॅडम सांगत होत्या,
ऐकलेलं परत म्हणून दाखवा,
झालं की झालं म्हणा, मोठ्यांदा.
हे मला नवं नव्हतं.
उभादांड्याला बाबा रापणीच्या एका टोकाला असत,
दुसरं टोक पाव मैलावर,
मधे वारा, आणि वारा शब्द खातो.
इकडून "वड!" गेलं की तिकडून "वड!" यायला हवं,
नाही आलं तर दोराला कुणी हात लावायचा नाही.
आमच्या थिएटरात वारा नाही.
एसी आहे, आणि हुद्दे आहेत.

दुपारी जागा बदलल्या.
मी पायथ्याशी, प्रमुख, हात मागे बांधून;
डॉक्टर मुकादम माझ्या जागी, श्वासाचा फुगा दाबत.
मॅडमनी मला आधीच कानात सांगितलं होतं, मुद्दाम चुका.
रक्ताच्या पिशवीवर बी, कागदावर ओ.
"लावा," मी म्हटलं.
सरांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि फुगा दाबत राहिले.
नंतर मॅडमनी विचारलं, का नाही बोललात?
चष्मा पुसत म्हणाले,
"सगळ्यांसमोर कुबल सिस्टरना सांगायचं कसं?"
या वेळी कुणी हसलं नाही.

दाराला आतून घालायच्या दांड्यालाही आगळच म्हणतात,
असं लुंगी पिळता पिळता सगुण म्हणाला,
कशावरून कोण जाणे.

एकोणीस दिवसांनी मातोंडचा जानू आला,
आंब्याच्या कलमावरून पडलेला,
खिशात अजून दोन कैऱ्या.
"सर, मानेची शीर फुगलीय."
"एक मिनिट."
"सर, उजवी छाती हलत नाही. भीती वाटतेय मला.
सुई आत्ता हवी."
ते थांबले. मान वर केली.
"उजवी बाजू. सुई. आत्ता."
"दिली."
"मिळाली."
मग हवा सुटल्याचा तो आवाज,
सायकलच्या ट्यूबसारखा, अगदीच साधा.

जानूला रातोरात बांबोळीला नेलं.
पुढचं कुणी कळवलं नाही, असंच असतं.
कैऱ्या टेबलावर राहिल्या.

स्ट्रेचरच्या चाकाजवळ जांभळा डाग आहे,
मुयो अजून येतात.
मी तो पुसत होते, की पुसत नव्हते,
तेवढ्यात सर दोन कप घेऊन आले.
म्हणाले, "शिरोड्याचा तो मुलगा..."
मी म्हटलं, "सर,"
आणि थांबले.
ते उभे राहिले, कप हातात,
चहावर साय धरेपर्यंत.